येऊरच्या पायथ्याचा छोटा तलाव : कुठल्या महिन्यात पाणी किती अंश, आणि कधी उतरू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी खासगी जागेत एक जुना तलाव आहे. पसारा दोन एकर, मधोमध चार-साडेचार मीटर पाणी, एका बाजूला दगडी पायऱ्या. मालकाच्या परवानगीने आठ-दहा प्रौढ मंडळी सकाळी पोहतात. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत : कुठल्या महिन्यात पाणी किती गार-गरम असतं, डिसेंबर-जानेवारीत पोटऱ्यांना गोळे येतात ते गारठ्यानेच का, आणि ऑक्टोबरात एका ढगाळ सकाळी मासे मरून वर आले, तर पोहणं चालू ठेवावं का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तो घाईचा आहे : नाही, सध्या थांबा. पुन्हा कधी सुरू करायचं ते पुढे येईलच.

आपल्या भागात निव्वळ गारठ्यामुळे पोहणं बंद ठेवावं असा एकही महिना नाही. पोहणं थांबतं ते मे महिन्यात उष्म्याने, पावसाळ्यात गढूळपणाने आणि ऑक्टोबरात तलाव तळापासून ढवळला गेल्याने. त्यामुळे थर्मामीटर नुसता वर बुडवून ‘आज चोवीस’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही. वरचं पाणी आणि तळाचं पाणी यांत फरक किती, हा आकडा जास्त उपयोगाचा.

तरी महिन्यांचा ढोबळ अंदाज देतो. चार-पाच मीटरहून खोल नसलेल्या, डोंगराच्या आडोशाच्या तलावाला हे आकडे लागू पडतात. माप सकाळी साडेसहाचं, पाण्याखाली ४० सेंटीमीटरवर. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तापमान याच खोलीवर घेतात, आणि पोहणाऱ्याचं अंगही साधारण याच थरात असतं. जानेवारी सगळ्यात गार, २२ ते २४ अंश. फेब्रुवारीत अंशभर वर. महाशिवरात्रीनंतर चढण लागते ती मार्चअखेर २७-२८ ला येते. एप्रिल २८ ते ३०. मे महिन्यात पहाटेसुद्धा ३० ते ३१, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास वरचा हातभर थर ३३-३४ पर्यंत. पावसाचा पहिला जोरदार आठवडा दोन-तीन अंश उतरवतो. जुलै-ऑगस्टात २६.५ ते २८, दिवसा-रात्री जवळजवळ सारखंच. सप्टेंबर २७ ते २९. ऑक्टोबरचा उन्हाळा वेगळाच : सकाळी २८-२९, दुपारी ३१-३२. नोव्हेंबरच्या मध्याला २६-२७, डिसेंबरात २३ ते २५. एखाद्या वर्षी उत्तरेकडून थंडीची लाट आली तर जानेवारीत तीन-चार दिवस २१ ही दिसेल, पण त्याखाली जाणं कठीण.

तुलनेसाठी, स्पर्धेच्या तरणतलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. खुल्या पाण्यातल्या शर्यतीला १६ ही खालची आणि ३१ ही वरची मर्यादा आहे. म्हणजे तुमचा तलाव खालच्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. वरची मर्यादा मात्र मे महिन्यात रोज संध्याकाळी ओलांडतो.

पाणी गढूळ किंवा हिरवं असलं की ऊन खोलवर जात नाही, वरच्या हातभरातच मुरतं. एप्रिलच्या निरभ्र दिवशी दर चौरस मीटरवर वीसहून अधिक मेगाज्यूल (मेगाज्यूल हे उष्णतेचं माप) ऊन पडतं, आणि एक घनमीटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ मेगाज्यूल पुरतात. यातला बराचसा भाग बाष्पीभवनात आणि रात्री निघून जातो, तरी हिशेब लक्षात येतो : नितळ तलावात ही उष्णता दोन-अडीच मीटरांत वाटली जाते, हिरव्या तलावात ती वरच साठते. म्हणून शेवाळलेल्या तलावाचा वरचा थर जास्त तापतो आणि तळ जास्त गार राहतो. पोहताना पाय खाली सोडले की एकदम गार लागतं, ते त्यामुळे. तिथे झरा आहे असं सांगणारा माणूस प्रत्येक तलावावर एक तरी असतोच.

हे थर फार पक्के असतात, आणि ते आपल्या हवामानामुळे. पाणी जितकं उबदार, तितका एका अंशाच्या फरकाने त्याच्या घनतेत पडणारा फरक मोठा. चार आणि पाच अंशांच्या पाण्यात दर घनमीटरला जेमतेम आठ ग्रॅमचा फरक असतो. २९ आणि ३० अंशांत तो तीनशे ग्रॅमच्या घरात जातो. थंड देशातल्या सरोवरात ४ आणि १३ अंशांच्या पाण्यात जितकी फारकत असते, तितकी आपल्याकडे २७ आणि २९ मध्ये असते. म्हणून ‘दोनच अंशांचा तर फरक आहे’ असं इथे म्हणता येत नाही. दोन अंशांचा फरक म्हणजे तलावावर झाकण बसलं. झाकणाखाली वारा पोहोचत नाही, प्राणवायू उतरत नाही, आणि तळाच्या गाळात पानं, निर्माल्य, माशांना टाकलेले पाव कुजत राहतात.

आता माप कसं घ्यायचं. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर तलावावर आणू नका; पायरीवर फुटला की पारा पाण्यात. फिशटँकच्या दुकानात वायरचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, पण त्याची वायर मीटरभरच असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डीएस१८बी२० नावाचा पाणीरोधक सेन्सर लांब वायरीसह मिळतो आणि तो अर्ध्या अंशापर्यंत बरोबर असतो. कुठलाही घ्या, पण आधी तपासा. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, फटी भरतील एवढंच गार पाणी घाला, पाच मिनिटं ढवळा आणि टोक मधोमध धरा. शून्य यायला हवं. ०.८ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक मापातून ०.८ वजा करा. बर्फ तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी आहे अशा पेल्यात हा प्रयोग फसतो, कारण तळाला चार अंशांचं पाणी बसलेलं असू शकतं.

लांब वायरीचा सेन्सर नसेल तर बाटली. रुंद तोंडाची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, बुडेल इतकं वजन तिला बांधा आणि बूच हलकं बसवा. बाटलीला एक दोर, बुचाला दुसरी सुतळी. दोराला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. हव्या त्या खोलीवर पाच मिनिटं राहू द्या, म्हणजे बाटली स्वतः त्या पाण्याइतकी गार होईल. मग सुतळीला झटका देऊन बूच काढा, बुडबुडे थांबले की सरळ वर ओढा आणि लगेच आत थर्मामीटर घाला. रिकामी बाटली वर तरंगू पाहते म्हणून वजन भरपूर लागतं, अर्ध्या लिटरला किलोभर तरी. सगळ्यात जास्त फसतं ते तळाच्या मापात : बाटली गाळात टेकते आणि वर येतो तो चिखल. तळापासून अर्धा मीटर वर थांबा.

चार मापं पुरेत : ४० सेंटीमीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि तळाच्या वर अर्धा मीटर. आठवड्यातून एकदा, सकाळी उतरण्याआधी. दहा जणांनी पोहून पाणी ढवळल्यावर घेतलेलं माप कामाचं नाही. वर-खाली अर्ध्या अंशाच्या आत फरक असेल तर तलाव एकजीव आहे. एक ते दोन अंश असेल तर थर बसू लागले आहेत. अडीचच्या पुढे गेला तर झाकण पक्कं आहे, आणि तळाच्या बाटलीचा वास घ्या. कुजक्या अंड्याचा वास आला की खाली प्राणवायू संपला आहे. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, नाक पुरतं.

दुसरं साधन याहून साधं : वीस सेंटीमीटरची स्टीलची थाळी. तिचे चार भाग करून दोन पांढरे, दोन काळे रंगवा, मधे भोक पाडून दोर ओवा आणि खाली वजन लावा. सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी झाली की गाठ मोजा. परत वर ओढताना जिथे दिसते तीही गाठ मोजा. दोन्हींची सरासरी घ्या. पोहण्याचा निर्णय या थाळीवर जास्त अवलंबून ठेवा. एक मीटरच्या आत थाळी नाहीशी होत असेल तर उतरू नका. पाणी घाण आहे हा मुद्दा वेगळा. मुख्य मुद्दा असा की त्या पाण्यात बुडालेला माणूस काठावरून दिसत नाही, आणि शोधायला उतरलेल्यालाही सापडत नाही.

आता माशांकडे येऊ. पावसाळ्यात डोंगरावरून आलेल्या मातीबरोबर भरपूर खत येतं. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, ऊन पडतं, पाणी निवळू लागतं आणि शेवाळ फोफावतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो खातं, म्हणून पहाट ही तलावाची सगळ्यात वाईट वेळ. २९ अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. २० अंशांच्या पाण्यात नऊ मावतो. वर झाकण, खाली प्राणवायूशून्य काळं पाणी. अशात परतीच्या पावसाची एखादी गडगडाटी संध्याकाळ येते. गार वारा सुटतो, पावसाचं गार पाणी वरच्या थरात पडतं, तो थर जड होऊन खाली बसतो आणि तळाचं पाणी वर येतं. दुसरा दिवस ढगाळ असला की शेवाळाला ऊन मिळत नाही, प्राणवायूची भर पडत नाही, आणि लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे तोंड वर काढून हवा गिळू लागतात. तुमच्या तलावात हेच झालं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पण खात्री करून घ्या, कारण दुसरीही एक शक्यता असते. प्राणवायू संपून मेलेल्यांत मोठे कटला-रोहू आधी जातात, पहाटे जातात, आणि तिलापिया बहुधा तगतो. लहान-मोठे सगळे एकदम, भर दुपारी मेले, काठाच्या बेडक्या आणि गोगलगायीही मेल्या, तर बाहेरून काहीतरी पाण्यात आलं आहे : सांडपाणी, टँकर धुतलेलं पाणी, कीटकनाशक. तेव्हा पाण्याला हात न लावता नमुना तपासायला द्या आणि महापालिकेच्या प्रदूषण नियंत्रण विभागाला कळवा.

प्राणवायूचंच कारण असेल तर मेलेले मासे त्याच दिवशी जाळीने काढा, नाहीतर ते कुजताना उरलेला प्राणवायू खातील. पंप असेल तर वरचंच पाणी उचलून कारंज्यासारखं उडवा, तेही रात्री दहा ते सकाळी सात. पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीचं टोक) तळाला टाकून उपसा केला तर तुम्हीच काळं पाणी वर आणाल. शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो घेऊ नका : एका रात्रीत मेलेलं शेवाळ कुजून माशांची दुसरी खेप मारतं, आणि निळं-हिरवं शेवाळ असेल तर त्यातलं विष एकदम पाण्यात सुटतं. पोहणं पुन्हा सुरू करायचं ते सलग तीन सकाळी चार गोष्टी जुळल्यावर : वर-खालचा फरक एका अंशाच्या आत, तळाच्या बाटलीला वास नाही, थाळी मीटरभर दिसते, मासे वर तोंड काढत नाहीत. साधारण आठ-दहा दिवस लागतात.

निळ्या-हिरव्या शेवाळाची घरगुती परीक्षा अशी. काचेच्या बरणीत तलावाचं पाणी पाऊण भरा, झाकण लावून रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा रंग वर येऊन गळ्याशी कडं धरून बसला तर ते निळं-हिरवं असण्याची शक्यता मोठी. तळाला बसला तर बहुधा साधं शेवाळ. पाण्यावर हिरवा तेलरंग सांडल्यासारखी साय दिसली तर पोहणं बंद, कुत्र्यालाही ते पाणी पिऊ देऊ नका. ही साय वारा वाहतो त्या काठाला गोळा होते. पायऱ्या स्वच्छ दिसल्या म्हणून तलाव स्वच्छ ठरत नाही. समोरच्या काठालाही एक फेरी मारा.

पावसाळ्याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. जून ते सप्टेंबर पोहू नका. मुंबई-ठाण्यात पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर; तो काळ पूर्ण सोडा. कारण आकड्यांत बघा. दोन एकर म्हणजे सुमारे ८,००० चौरस मीटर. सरासरी खोली अडीच मीटर धरली तर तलावात २०,००० घनमीटर पाणी. डोंगराच्या वीस हेक्टर उतारावरचं पाणी तुमच्याकडे येतं असं समजा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस, जो जुलैत काही नवलाचा नाही, आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर १०,००० घनमीटर झाले. अर्धा तलाव एका दिवसात बदलला! त्या पाण्यात गुरांचं शेण, उंदरांचं मूत, वस्तीचं गटार, तुटलेल्या फांद्या सगळं असतं, आणि सांडव्याजवळ ओढही. त्यात पावसाळ्यात धबधबे, तलाव, धरणं इथे जाण्याविरुद्ध जिल्हा प्रशासन अनेकदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतं. खासगी जागा त्यातून सुटते असं गृहीत धरू नका.

पाऊस थांबला की लगेच उतरण्याची घाई होते. मातीचा दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा) कण स्तब्ध पाण्यात दिवसाला जेमतेम फूटभर खाली बसतो. तुमची खोली तेरा-चौदा फूट. म्हणजे वारा नाही, गुरं उतरत नाहीत, असं धरलं तरी दोन आठवडे, आणि मधे एक सर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एरवीसुद्धा २५ मिलिमीटरच्या वर अवकाळी पाऊस झाला तर तीन दिवस थांबा. प्रत्यक्षात नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ही बरी तारीख ठरते. तिथून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे चार महिने या तलावाचे उत्तम दिवस : वरचं पाणी रात्री निवून खाली जातं, तलाव रोज थोडा मिसळत राहतो, थर टिकत नाहीत.

आता थंडी आणि गोळे. जानेवारीच्या पहाटे हवा १६-१७ अंश आणि पाणी २३. म्हणजे पाणी हवेपेक्षा उबदार, म्हणून तर त्यावर वाफ धरते. उतरताना जेवढं बोचतं त्याहून जास्त बाहेर आल्यावर बोचतं, कारण ओल्या अंगावर कोरडा वारा लागतो आणि बाष्पीभवन उष्णता ओढून नेतं. पोटरीत वांब येतात त्याला नुसता गारठा पुरेसा नाही. बहुतेकदा तीन गोष्टी एकत्र येतात : कपडे काढून पायरीवर गप्पा मारत दहा मिनिटं उघडं उभं राहणं, रात्रभर पाण्याचा घोट न घेता येणं, आणि उतरल्या उतरल्या पंजा ताणून जोरात पाय मारणं. पंजा ताणला की पोटरीचा स्नायू आधीच आखडलेला असतो. त्याला अजून पीळ बसतो.

यावर उपाय फार साधे आहेत. अंगावर कपडे ठेवूनच पाच-सात मिनिटं घोटे फिरवा, टाचा वीसदा वर-खाली करा. घरून निघताना पेलाभर पाणी प्या. पायऱ्यांवरून कमरेपर्यंत उतरा, मानेवर-छातीवर पाणी घ्या, श्वास सरळ झाला की मग पुढे. पहिले दोनशे मीटर हातांवर काढा. जानेवारीत सडपातळ आणि साठीपुढच्या माणसांनी अर्ध्या तासात बाहेर यावं, बाकीच्यांनी चाळीस मिनिटांत. बोटं एकमेकांना जुळेनाशी झाली, अंगठा करंगळीला टेकेना, की वेळ संपली. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी गार पाण्यात उडी मारूच नये.

मधे पाण्यात गोळा आला तर उताणे व्हा. त्या पायाचा पंजा हाताने धरून गुडघ्याकडे खेचा आणि गुडघा सरळ करा, मिनिटभरात सुटतो. हात वर करून सोबत्याला खूण करा. सुटला तरी तो पाय न मारता हातांवर काठ गाठा, कारण दहा मिनिटांत तोच गोळा परत येतो. काठावर लांब बांबू, गाठी मारलेला पंधरा मीटर दोर आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब कायम ठेवा. कुणी बुडताना दिसला तर याच क्रमाने : बांबू पुढे करा, दोर फेका, ट्यूब ढकला. मिठी मारणाऱ्या माणसाकडे रिकाम्या हातांनी पोहत जाणं हे दोघे बुडण्याचं नेहमीचं कारण आहे.

पोटऱ्यांचं आणखी एक दुखणं मात्र वेगळं ओळखायला हवं. गोळा दोन-चार मिनिटांत सुटतो, फार तर दिवसभर ठणकतो. पण पोहल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, दोन्ही पोटऱ्या नुसत्या दाबल्या तरी दुखतात, डोळे लाल झालेत, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूच्या तापाची, शंका घ्या. पावसाळा आणि त्यानंतरचा महिना हा त्याचा हंगाम. जंतू ओरखड्यातून किंवा डोळ्या-नाकातून शिरतो. डॉक्टरांना ‘तलावात पोहतो’ हे आपण होऊन सांगा. ते सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून दोन दिवस वाया जातात, आणि या आजारात तेच दोन दिवस महत्त्वाचे.

मे महिन्याला लोक सहज घेतात, वास्तविक तो जानेवारीपेक्षा धोक्याचा. ३१-३२ अंशांच्या पाण्यात जोराने पोहणाऱ्या शरीराला उष्णता बाहेर टाकायला वाव नसतो. घाम येतो पण कळत नाही, कारण अंग ओलंच असतं. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैराच्या समुद्रात दहा किलोमीटरच्या जागतिक शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा कसलेला अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. पाणी फार गरम होतं. वरच्या मर्यादेची चर्चा त्यानंतर गंभीरपणे सुरू झाली. तुमच्यासाठी नियम सोपा : ४० सेंटीमीटरवर ३० च्या वर असेल तर अंतर निम्मं करा, ३१ च्या वर असेल तर फक्त डुंबा. सकाळी सातच्या आत बाहेर. संध्याकाळचं पोहणं एप्रिल-मे महिन्यात बंदच ठेवा. वळवाच्या ढगांचीही तीच वेळ असते. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

उथळ, कोमट, गाळाच्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमिबा याच दिवसांत वाढतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडल्यापासून त्याची भीती पसरली आहे. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर बहुधा जीवघेणा. पाणी गिळल्याने तो होत नाही. नाकातून जोराने वर गेल्यानेच होतो. म्हणून उन्हाळ्यात नाकाला चिमटा लावा, कमरेएवढ्या पाण्यात उड्या आणि सूर नकोत, पायांनी गाळ उकरू नका.

प्रयोगशाळेची तपासणी वर्षातून दोनदा करून घ्या, नोव्हेंबरच्या मध्याला आणि एप्रिलच्या सुरुवातीला. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, तोंड खाली धरून एक फूट बुडवा आणि मग वर फिरवून भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांत पोहोचवा. उशीर झाला तर आकडा कशाचाच राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानाच्या निकषात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर नसावेतच. विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू) ३ पर्यंत, पीएच ६.५ ते ८.५.

हे सगळं तुमच्या तलावाला लागू आहे. इथून उचलून दुसरीकडे लावू नका. तलावपाळी, उपवन, कचराळी, रायलादेवी हे पालिकेचे तलाव पोहण्यासाठी नाहीत. नवी मुंबईतले धारण तलाव तर तलावच नव्हेत : शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या जवळ किंवा खाली आहे, म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवायला ते बांधले आहेत. त्यांत खाडीचं खारं पाणी आणि नाले, दोन्ही येतात. पारसिकच्या डोंगरातल्या बंद दगडखाणींत साठलेलं निळंशार पाणी सगळ्यात फसवं. काठ उभा कापलेला, पाय टेकायला पायरी नाही, तळाला तुटके दगड. आणि खोली दहा-पंधरा मीटर असली तर तळाचं पाणी मे महिन्यातसुद्धा जानेवारीचंच असतं, २४ च्या आसपास, वर ३२ असताना. सूर मारणारा माणूस एकदम कितीतरी गार थरात शिरतो, दचकून श्वास घेतो, आणि तो श्वास पाण्यात घेतला जातो.

तुमच्या तलावात मार्च ते मे बाष्पीभवनाने अर्धा मीटरभर पातळी उतरते. कोणी बागेला पाणी उचलत असेल तर त्याहून जास्त. जानेवारीत ज्या पायरीवरून सूर मारता तिथे मे महिन्यात डोकं दगडाला लागेल. पायऱ्यांच्या बाजूला पाण्यात एक लोखंडी पट्टी उभी करा, दर दहा सेंटीमीटरवर रंगाची रेघ ओढा, आणि उडीला किती पाणी हवं ती रेघ लाल रंगवा. ती उघडी पडली की त्या वर्षापुरत्या उड्या बंद. नोव्हेंबरात पहिल्यांदा उतरायच्या आधी दोघांनी बांबू टेकवत पायऱ्यांसमोरची दहा मीटरची पट्टी पूर्ण चाचपून घ्या. पावसाने काय आणून टाकलं असेल याचा नेम नसतो, आणि जवळपासच्या घरांतल्या मूर्ती तिथे विसर्जित होत असतील तर पाटांच्या फळ्या आणि तारा गाळात उभ्या रुतलेल्या असतात. काढताना हातमोजे घाला. वळवळत काही गेलं तर बहुधा पाणदिवड असेल. ती बिनविषारी, पण छेडली तर कडकडून चावते.